काम नकोसं झालंय की पाळी?

या सदराचं नाव ‘ओव्हर’ का, असं दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. वॉर्डात एक सिस्टर ड्युटी संपवून निघताना दुसरीला बेड नंबर एकपासून शेवटच्या खाटेपर्यंत सगळं सांगून जाते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मी छत्तीस वर्षं ओव्हर दिली आणि घेतली. शेवटची अकरा वर्षं परिसेविका होते, म्हणजे वॉर्डाचा ड्युटी चार्ट लावायचं आणि त्यासाठी शिव्या खायचं कामही माझ्याकडे होतं. या वेळच्या गठ्ठ्यातली चार पत्रं चार दिशांची आहेत, पण दुखणं एकाच जागचं वाटलं. म्हणून एकत्र घेतली.

प्रश्न: सिस्टर, मी २९ वर्षांची लॅब टेक्निशियन आहे, कल्याणला राहते. चार वर्षं घाटकोपरच्या एका कलेक्शन सेंटरवर होते, सकाळी सात ते तीन. आठ महिन्यांपूर्वी त्याच कंपनीच्या साकीनाक्याच्या मोठ्या लॅबमध्ये बदली झाली. लॅब तळघरात आहे. महिन्यातले निम्मे दिवस नाईट, दहा ते सहा. बाकीचे दिवस कधी मॉर्निंग, कधी सेकंड, आणि चार्ट आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर येतो. पगार वाढला, नाईट अलाउन्सही मिळतो. पण आता रक्ताची नळी हातात घ्यावीशी वाटत नाही. कामात चुका नाहीत, पण कशासाठी करतेय ते कळत नाही. आई म्हणते, बँकेच्या परीक्षा दे. मी मुळात चुकीचं क्षेत्र निवडलं का?

उत्तर: अगं-तुगं करते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीनं खुणा केल्या, चार्ट लावायची जुनी सवय. नळी नकोशी झाली म्हणतेस, पण नळीबद्दल वाईट असं एक अक्षर सापडलं नाही. खुणा झाल्या त्या तळघराला, नाईटला, आदल्या दिवशी येणाऱ्या चार्टला. आणि जो भाग जागेअभावी इथे छापलेला नाही, त्यात घाटकोपरला दर महिन्याला फास्टिंग-पीपीसाठी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायला येणाऱ्या आजोबांवर अर्धं पान. त्यांची शीर डाव्या हातालाच सापडते, हे तुला अजून पाठ आहे. क्षेत्र चुकलेली मुलगी असं लिहीत नाही.

माझे अण्णा गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग चालवायचे. बरीच वर्षं तिसऱ्या पाळीला, म्हणजे मध्यरात्री बारा ते सकाळी सात. (अण्णा ‘पाळी’ म्हणायचे, आम्ही हॉस्टेलच्या मुली ‘ड्युटी’ म्हणायचो. का, ते बायकांना सांगायला नको.) साच्यांचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखायचं. सूत तुटू नये म्हणून खात्यातली हवा मुद्दाम दमट ठेवलेली, बनियन पिळला तर पाणी निघायचं. अण्णा त्या पाळीला भरपूर शिव्या द्यायचे, पण ‘आमची पाळी’ म्हणून द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि अण्णांसारखे कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. मी नोकरीला लागले त्याच वर्षी त्यांची गेली. दोन वर्षांनी वरळीला एका इमारतीत ते रात्रीचे वॉचमन झाले. आवाज नाही, घाम नाही, वर समुद्राचा वारा. सहा महिन्यांत माणूस खचला. सकाळी घरी आले की म्हणायचे, “काढली एक रात्र.” गिरणीतून आल्यावर त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. रात्र तीच होती. भोवतीची माणसं गेली होती आणि हातातला साचा गेला होता.

आता माझं सांगते. एकाच मेल मेडिकल वॉर्डात, त्याच चाळीस खाटांवर मी तीन वेगवेगळ्या नोकऱ्या केल्यात. मॉर्निंगला राउंड, विद्यार्थी, इंजेक्शनं, डिस्चार्ज, नुसती पळापळ. वेळ कुठे गेला कळायचं नाही आणि आपण फार मोठं काही करतोय असं वाटायचं. इव्हनिंगला नातेवाईक. कोणी डबा आणलेला, कोणी भांडण आणलेलं. नाईटला चाळीस पेशंट, मी, एक ज्युनिअर आणि एक वॉर्डबॉय. पहाटे चारचा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास बघायची फेरी, मला अजून स्वप्नात येते. एकेका खाटेशी थांबायचं, थर्मामीटर झटकायचा, मनगट धरून घड्याळाकडे बघायचं. एकदा बेड नंबर सतराचे ठोके मोजत होते. मध्येच कुठपर्यंत आले तेच विसरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा विसरले. पेशंट डोळे उघडून माझ्याकडे बघतोय आणि मला वाटतंय, हे काम आपल्याला येतच नाही, आपण नर्स व्हायलाच नको होतं. त्या वेळी नोकरीला नऊ वर्षं झाली होती. हा विचार दुपारी अडीच वाजता मला आयुष्यात एकदाही आला नाही.

पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली गेलेलं असतं, हात मंद चालतात, मन तर त्याहून मंद. हे आतलं घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं, याचा शोध हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांनी फळमाशीवर काम करून लावला. त्यांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मी तेव्हा निवृत्तीला टेकले होते. बातमी वाचून म्हटलं, बेड नंबर सतराला कळवायला हवं. मजा सोड. पण पहाटे चारला स्वतःबद्दल जे काही वाटतं त्याच्यावर सही करायची नाही, हा नियम मी नोबेलच्या आधीपासून पाळत आले. आठ महिने तू तुझ्या नोकरीचा निकाल नेमका त्याच वेळी लावते आहेस.

पुढचं तळघराचं. मला एकदा शिक्षा म्हणून म्हण किंवा गरज म्हणून म्हण, सीएसएसडीत टाकलं होतं. ऑपरेशनची हत्यारं आणि कापसा-गॉजचे ड्रम निर्जंतुक करणारा विभाग, तोही तळमजल्याच्या खाली. ऑटोक्लेव्हला १२१ अंश, पंधरा पौंडांचा दाब, टेपवर काळे पट्टे उमटले की समजायचं काम झालं. पेशंट नाही, ‘सिस्टर’ म्हणून हाक नाही. दोन महिन्यांत मला वाटायला लागलं की मी भांडी घासते. तिथे एक मावशी बारा वर्षं ड्रम भरत होत्या. एक दिवस त्यांनी विचारलं, “ह्या कात्र्या वर जातात म्हणजे नेमक्या जातात कुठं?” मी त्यांना चपला बदलायला लावून, मास्क बांधून थिएटरच्या दारापर्यंत नेलं. दाराच्या गोल काचेतून त्यांनी दहा मिनिटं बघितलं. जिना उतरताना मला वाटलं, आता काहीतरी भारी बोलतील. मावशी म्हणाल्या, “वापरून झाल्यावर ती हत्यारं पाण्यातून काढून पाठवायला ह्यांना काय होतं? रक्त वाळतं, मग घासताना दाते जातात.” त्यानंतर महिनाभर मावशी थिएटरवाल्यांशी भांडल्या आणि हत्यारं भिजवून यायला लागली. माझंही तिथलं मन त्या भांडणामुळेच लागलं. तुझ्या पत्रात असं एकही भांडण नाही. ‘कामात चुका नाहीत’ एवढंच आहे, आणि तेच वाचून मला काळजी वाटली.

तुझ्या नाईटला सोबत कोण असतं, तेही लिहिलेलं नाहीस. एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला सॅलॅन्सिक आणि फेफर या दोन अमेरिकन अभ्यासकांचं १९७८ चं म्हणणं सांगितलं होतं. माणूस आपल्या कामाबद्दलचं मत एकटा बसून बनवत नाही, आजूबाजूचे त्या कामाबद्दल काय बोलतात त्यावरूनही ते बनतं. मला तेव्हा हसू आलं. हे सांगायला अमेरिका कशाला? रात्री दोनच्या चहाला जी बाई ‘काय ठेवलंय इथे’ म्हणते तिच्या शेजारी महिनाभर बसा, तुम्हालाही तिथे काही ठेवलेलं दिसणार नाही. तुझ्या चहाला कोण असतं ते बघ.

आता करायचं काय. बँकेचा फॉर्म भरू नकोस असं मी म्हणत नाही, पण आधी तीन महिने मला दे. लॅब-इन्चार्जकडे जा आणि ‘नाईट नको’ असं म्हणू नकोस, ते कोणी ऐकत नाही. चार्टबद्दल बोल. निदान पंधरा दिवसांचा चार्ट आधी लागावा, हे माग. फिरायचं तर मॉर्निंग, मग सेकंड, मग नाईट, मग सुट्टी, या क्रमानं फिरवा म्हण. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांहून जरासं लांब असतं, त्यामुळे उशिरा जागणं त्याला जमतं, लवकर उठणं जड जातं. उलट्या क्रमानं फिरवलं की अंग मोडतं. आणि सेकंड संपवून घरी पोचून लगेच सकाळची मॉर्निंग, हे तर कोणालाच देऊ नये. मी अकरा वर्षं चार्ट लावला. सगळ्यांना खूश करणारा चार्ट एकदाही जमला नाही, पण तो दर वेळी महिनाभर आधी भिंतीवर असायचा. नाईट लागली म्हणून रडणाऱ्या मुली पाहिल्या, पण लग्नाची तारीख ठरवता येत नाही म्हणून रडणाऱ्या माझ्या वॉर्डात नव्हत्या.

रात्रीच्या प्रवासाचंही विचार. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती घ्यायची आणि सुरक्षिततेची, घरापर्यंत सोडण्याची व्यवस्था करायची, असं आहे. तू सहाला सुटून घाटकोपरला कल्याणची गाडी पकडतेस ना? समोरच्या प्लॅटफॉर्मवर अख्खी मुंबई आंघोळ करून सीएसएमटीकडे निघालेली आणि तू एकटी उलट्या दिशेला, रिकाम्या डब्यात, विंडो सीटवर. ती सीट किती बोचते ते मला माहीत आहे. सकाळी ओव्हर घ्यायला येणारी मुलगी पावडर लावून, केसांत गजरा माळून यायची, तेव्हा तिचा काही अपराध नसताना मला ती डोळ्यांसमोर नको व्हायची. गाडीत काळा चष्मा लाव. लोक हसतील, हसू देत. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की अंगाला वाटतं दिवस उजाडला, मग घरी झोप येत नाही.

आणखी एक. सॅम्पल रिजेक्ट झालं, रक्त फुटलेलं, म्हणजे त्यातल्या पेशी फुटलेल्या आलं, की सेंटरला मेसेज जातो. तो फोन तू स्वतः करायचा. तू दोन्ही बाजूंना काम केलंयस. सुई काढताना नेमकं काय चुकतं, ते मशिनसमोर बसलेल्या दहा जणांत तुलाच सांगता येईल. निदान कोणाशी तरी भांडशील.

हे सगळं करूनही काही हललं नाही, तर नोकरी बदल. दिवसाची लॅब शोध, थोडा कमी पगार घे. यात कमीपणा नाही. माझ्या उत्तराचं कात्रण दाखवून तुझ्या साहेबांनी ‘बघ, हा सगळा मनाचा खेळ आहे’ असं म्हणू नये म्हणून हेही लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीला त्याच गटात ठेवलं. याचा अर्थ नाईट केली की रोग होतोच, असा नाही. पण शरीराला ते फुकट पडत नाही.

प्रश्न: माझा मुलगा २४ वर्षांचा, मालाडला कॉल सेंटरमध्ये आहे. अमेरिकेचे ग्राहक, त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला जातो, पहाटे गाडी सोडते. दुपारी दोनपर्यंत झोपतो. हल्ली फार चिडतो, म्हणतो ‘ही काय नोकरी आहे.’ शेजारीपाजारीही विचारतात, अजून उठला नाही? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्याला समजावू कसं?

उत्तर: ताई, समजवायचं आहे ते शेजाऱ्यांना, आणि थोडं तुम्हाला.

आमची खोली दहा बाय बाराची. अण्णा सकाळी आठला आडवे व्हायचे. आई आम्हा भावंडांना जिन्यात बसवून अभ्यास करायला लावायची आणि पाट्यावर वाटण वाटायची ती दुपारी, अण्णा उठल्यावर. ‘अजून उठला नाही?’ असं आमच्या चाळीत कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही, कारण कुठल्याही वेळी चाळीतली थोडी माणसं झोपलेलीच असायची. काही खोल्यांत तर एकटे गडी पाळीपाळीनं त्याच वळकटीवर झोपायचे. एक उठला की दुसरा पडायचा. गिरणीच्या भोंग्यानं सगळ्या वस्तीचं घड्याळ लावलेलं होतं, त्यामुळे दिवसा झोपणारा माणूस आळशी ठरत नव्हता. तुमच्या मुलाच्या कपाळी तो भोंगा नाही. त्याची पाळी फक्त त्यालाच ऐकू येते.

म्हणून त्याच्या कामाला घरात जागा करून द्या. जाड पडदा लावा. बेलचं बटण दुपारी दोनपर्यंत बंद. कुकर आणि मिक्सर आधी किंवा नंतर. उठल्यावर चहा घेऊन अर्धा तास उजेडात बसू दे, गॅलरीत किंवा खिडकीशी, मोबाइल न घेता. आणि शेजारीण विचारेल तेव्हा ‘झोपलाय’ म्हणू नका. ‘कामावरून आलाय’ म्हणा. शब्द तेवढेच लागतात.

न्यूयॉर्कचं घड्याळ वर्षातून दोनदा तासानं सरकतं, मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. कधी आपण साडेनऊ तास पुढे, कधी साडेदहा. त्याच सुमाराला त्याची पाळीही सरकत असेल. त्या आठवड्यांत तो जास्त चिडतो का, कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझा अंदाज आहे की चिडतो. नोकरी खरंच वाईट असेल, तर ते त्याला सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी विचारा, भरपूर झोप झाल्यावर. तेव्हाही तेच उत्तर आलं तर ते खरं धरा.

प्रश्न: मी बसचा निवृत्त कंडक्टर. माझा जिवाभावाचा मित्र ड्रायव्हर होता. वीस वर्षं एकच डेपो, बरीच वर्षं एकच बस आणि एकच पाळी. मला ड्युटीचा कधी वीट आला नाही. तो मात्र पहिल्या दिवसापासून निवृत्तीचे दिवस मोजत होता. आता गप्पा मारताना वाटतं, आम्ही दोघं वेगळ्या गावी नोकरी करत होतो. असं का?

उत्तर: मास्तर, वेगळ्या गावीच होतात. तुम्ही माणसांच्या गावी आणि ते इंजिनच्या. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच तापत असायचं. उठता येत नाही, लघवीला थांबता येत नाही, समोर सायनचं ट्रॅफिक, मागे तुमची दोरीची घंटा. तुम्ही तेवढ्या वेळात पुढून मागे चार चकरा मारून, दोघांशी हुज्जत आणि एका आजीला बसायला जागा, एवढं सगळं करून यायचात. सुटे पैसे नाहीत म्हणून झालेली भांडणंसुद्धा दिवस घालवतात.

तुमच्या प्रश्नावर लंडनमध्ये मोठा अभ्यास झालाय. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरनं तिथले बस ड्रायव्हर आणि कंडक्टर घेतले आणि १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना कमी. पण पुढची गंमत मला जास्त आवडते. तीन वर्षांनी त्याच मंडळींनी युनिफॉर्मची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटीचा कमरेचा घेर मुळातच मोठा निघाला. म्हणजे काही फरक जागेनं केला आणि काही माणूस आधीपासूनच घेऊन आला. तुमच्या मित्राचंही थोडं तसं असेल. अबोल आहेत का हो ते? अबोल माणूस कंडक्टर झाला असता तर त्यानं तुमच्या जागी बसूनही दिवसच मोजले असते. आणि तुम्हाला स्टिअरिंगवर बसवलं असतं तर तुम्ही बोलायला मागे वळला असतात. बरंच झालं.

प्रश्न: मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. रात्रीचा वॉचमन झोपतो. एजन्सीला सांगून दोन वेळा माणूस बदलला, नवाही झोपतो. या लोकांना कामाची किंमतच नाही. आता दर तासाला मोबाइलवर हजेरी लावायची आणि केबिनवर कॅमेरा बसवायचा, असा ठराव आहे. तुमचं मत?

उत्तर: सेक्रेटरीसाहेब, तिसरा माणूसही झोपेल. तीन वेगवेगळे पेशंट एकाच खाटेवर आजारी पडले तर आम्ही आधी गादी बघायचो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी विचारते. ड्युटी आठ ते आठ आहे ना? बारा तास. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्यानं दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची हद्द घालून दिली होती, आणि पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती. तुमच्या माणसाला रात्री अर्धा तास कोण सोडवतं? आठवड्याची सुट्टी त्याला आहे का, की तो ‘तीस दिवस’वाला आहे? गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनं १० जून १८९० ला मिळाली. त्यानंतर एकशे तीसहून जास्त वर्षं गेली आणि मुलुंडच्या गेटवर मला अजून खात्रीनं ‘हो’ म्हणता येत नाही.

वर अण्णांच्या वॉचमनकीबद्दल लिहिलं, त्यातलं एक राहिलं होतं. त्यांना बसायला लाकडी स्टूल दिलं होतं, बिनपाठीचं. इमारतीच्या कमिटीनं मुद्दाम तसं निवडलं होतं, पाठ टेकली की झोप लागते म्हणून. अण्णा ते स्टूल भिंतीला लावून बसायचे. एका पहाटे भिंतीवरून घसरले आणि कपाळ गेटच्या कडीवर आपटलं. मी त्या दिवशी नाईट संपवून घरी आले तर आई हळद लावत होती. मी सगळं बाजूला सारून डेटॉलनं धुतलं. जखम दोन टाक्यांची होती. अण्णांना जखमेचं काही नव्हतं, लाज वाटत होती. म्हणाले, “चाळीस माणसांत कधी डुलकी नाही लागली गं.” गिरणीत शेजारी माणूस होता, डोळा लागला की कोपरानं ढोसायला. साचा थांबला की कळायचं. इथे ते झोपले काय आणि जागले काय, बाराव्या मजल्याला काही फरक पडत नव्हता, आणि तेही त्यांना माहीत होतं.

तुमच्या कॅमेऱ्यानं तो जागा राहील, पण तुमच्या गेटकडे बघणार नाही, मोबाइलकडे बघेल. दर तासाला हजेरी लावायची असते ना.

तुमच्या ठरावात बदल सुचवते. एजन्सीशी बोलून बाराऐवजी आठ तासांच्या तीन पाळ्या करा, माणशी खर्च किती वाढतो ते सभेत आकड्यानिशी मांडा. तेवढं झेपत नसेल तर निदान रात्री दोन माणसं ठेवा आणि एकाला वीस मिनिटं झोपायची उघड परवानगी द्या, दुसरा जागा असताना. चोरून घेतलेल्या दोन तासांपेक्षा ती परवडतात. केबिनमध्ये पंखा, पाणी आणि पिवळा दिवा काढून पांढरा. तासाला एक फेरी, पण फेरीला काम जोडा. पंपाचं बटण, टाकीची पातळी, जिन्यातले दिवे, आणि सकाळी ते वहीत लिहून दिवसाच्या माणसाला तोंडी सांगायचं. आमच्यासारखी ओव्हर द्यायची. ती ऐकायला पहिला महिना तुम्ही स्वतः सकाळी आठला खाली या.

आणि हे सगळं सभेत मंजूर व्हायला वेळ लागेल, म्हणून आजच एक करा. केबिनमध्ये जाऊन तो कशावर बसतो ते बघा. स्टूल असेल तर ते उचला आणि पाठ असलेली खुर्ची ठेवा.